तोंडी सांगितलेलं काम आणि लेखी आलेली चौकशी

पोस्ट मोठी आहे. नोकरी करणाऱ्यांनी, घरात कुणी नोकरीला असणाऱ्यांनी आणि तहसील-पंचायत समितीच्या चकरा मारून चपला झिजवणाऱ्यांनी सवडीनं वाचा.

आपल्या जिल्ह्यात कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला विचारा, "तुमच्याकडं राजकारण आहे का हो?" उत्तर ठरलेलं असतं. "लई आहे. पण आपण त्यात पडत नाही." जिल्हा परिषदेत हेच, तहसीलला हेच, संस्थेच्या शाळेत हेच, एमआयडीसीतल्या कंपनीत हेच. सगळेच जर पडत नसतील तर हे राजकारण करतंय कोण?

खरं सांगायचं तर 'मी त्यात पडत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी बघत बसतो' एवढाच असतो. आणि बघत बसण्याची किंमत आपल्या जिल्ह्यानं नुकतीच मोजली आहे.

अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा आठवा. 2022 ते 2024 या काळात अतिवृष्टी, गारपिटीनं नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारनं मदत दिली. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत या मदतीच्या याद्यांमध्ये बोगस नावं घुसवल्याचं चौकशीत समोर आलं. जमीन नसलेल्यांच्या नावावर पैसे, एकाच माणसाला दोनदा पैसे, क्षेत्र वाढवून पैसे. आकडा सुमारे 24 कोटी 90 लाखांचा. 2025 मध्ये एकामागून एक तलाठी निलंबित झाले, मग अंबड पोलीस ठाण्यात 28 जणांवर गुन्हा दाखल झाला. कोण दोषी, कोण निर्दोष हे कोर्ट ठरवेल. मी इथं कुणाचं नाव घेणार नाही, निकालही देणार नाही.

पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. मदतीची यादी कशी तयार होते? तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांनी मिळून पंचनामा करायचा असतो. मग गावाची यादी बनते. ती संगणकावर भरली जाते. तहसीलमधून मंजुरी मिळते. शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, तो सेवा केंद्रात जाऊन अंगठा देतो, ई-केवायसी करतो आणि मग खात्यात पैसे येतात. इतक्या हातांतून गेलेला कागद एकट्यादुकट्याच्या लबाडीनं खोटा होत नाही. कुणीतरी खोटं नाव लिहितं, कुणीतरी न वाचता सही करतं, कुणीतरी आपला पासवर्ड देऊन मोकळं होतं. आणि शेजारच्या टेबलावरचा, ज्याला सगळं दिसत असतं, तो 'त्यात पडत नाही'.

या प्रकरणाच्या बातम्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली, ती लॉगिन आणि पासवर्डची. वरिष्ठांचं लॉगिन खालच्यांनी वापरल्याची. हे ऐकून आपल्याकडं कुणाला आश्चर्य वाटलं का? नाही वाटलं. कारण ही अंबडची किंवा घनसावंगीची खासियत नाही. साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला पाठ असतो. ओटीपी आला की साहेब फोनवरून आकडे सांगतात. क्लार्क रजेवर असला तर त्याच्या नावानं दुसरा काम उरकतो. याला कुणी गुन्हा म्हणत नाही, 'विश्वास' म्हणतात. "आपलाच माणूस आहे, दे की." नागपूर विभागातलं शालार्थ आयडीचं प्रकरणही 2025 मध्येच बाहेर आलं. तिथं खातं वेगळं, पण शिक्षकांचे बोगस आयडी तयार झाल्याचे आरोप आणि त्यात अधिकाऱ्यांना अटक. संगणक आला म्हणून कारभार पारदर्शक होतो हा समज या दोन प्रकरणांनी खोटा ठरवला. संगणकापुढं बसणारा माणूस 'नाही' म्हणू शकतो की नाही, यावर सगळं आहे.

आणि 'नाही' म्हणणं अवघड का जातं? ऑफिसातल्या राजकारणामुळंच. म्हणून हा विषय मला फक्त नोकरदारांच्या रडगाण्याचा वाटत नाही. तो त्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या शेतकऱ्याचा आहे.

बघा, कुणीही पहिल्या दिवशी येऊन "चला, घोटाळा करू" असं म्हणत नाही. सुरुवात फार साधी असते. एक सही. "अरे, साहेबांनी सांगितलंय." एक तारीख मागची टाकायची. एक नाव 'अ‍ॅडजस्ट' करायचं. जो करतो तो 'कामाचा माणूस', त्याला चांगलं गाव, चांगलं टेबल. जो विचारतो तो 'नियमवाला', 'लई शहाणा'. चहाला त्याला बोलावत नाहीत. त्याची फाईल सापडत नाही. त्याची रजा अडते. त्याच्या टीए बिलात बरोब्बर त्रुटी निघतात. दोन-तीन महिन्यांत त्याला कळतं की आपण एकटे पडलोय. मग पुढच्या वेळी तोही सही करतो. असं माणसाला वाकवतात. पैशाचं आमिष नंतर येतं, आधी एकटं पाडणं येतं.

त्यात आपल्याकडं 2023 नंतर आणखी एक गोष्ट वाढली. अंतरवाली सराटी आपल्याच जिल्ह्यातली. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काय असावं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण त्याचे पडसाद ऑफिसच्या टेबलापर्यंत आले हे आपण सगळे जाणतो. आडनाव बघून चहाचे ग्रुप पडले. आडनाव बघून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळे झाले. आता एखादा कर्मचारी चुकीच्या कामाला नाही म्हणाला की त्याच्या कामाची चर्चा होत नाही, त्याच्या जातीची होते. आणि एखाद्यानं खरंच चूक केली, तरी "आमच्या माणसाला टार्गेट केलं" म्हणून जात आडवी येते. दोन्ही बाजूंनी चोराचं फावतं. माझं स्पष्ट मत आहे, ऑफिसात जातीच्या आधारावर गट करणं हे लाच घेण्याइतकंच वाईट आहे. लाचेत एकाचं नुकसान होतं, इथं अख्ख्या गावाचा विश्वास जातो.

आता काही जण म्हणतील, मग काय ऑफिसात राजकारण करूच नये? करावं की. चार माणसं एकत्र आली की थोडं राजकारण होणारच, घरात होतं तर ऑफिसात का नाही होणार? आपलं काम वरिष्ठांच्या नजरेस आणणं, आपल्या योजनेसाठी दोन जणांना पटवणं, नियमात बसणारी बदली मागणं, मीटिंगच्या आधी सहकाऱ्यांशी बोलून एकमत करणं, यात काहीच गैर नाही. उलट प्रामाणिक माणसं हे करत नाहीत म्हणून लबाड माणसं पुढं जातात. प्रामाणिक माणसाला वाटतं, आपलं काम बोलेल. काम बोलत नाही हो. कामाबद्दल बोलावं लागतं.

मग चांगलं राजकारण आणि वाईट राजकारण ओळखायचं कसं? माझी एक साधी कसोटी आहे. जे तुम्ही करताय ते टिपणीवर लिहून खाली आपलं नाव, हुद्दा आणि तारीख टाकू शकता का? टाकू शकत असाल तर खुशाल करा. "अमुक कामासाठी तमुक कर्मचारी योग्य वाटतो, कारणे पुढीलप्रमाणे" हे लिहिता येतं. "अमुक आमच्यातला आहे म्हणून" हे लिहिता येत नाही. "सदर लाभार्थ्याच्या नावे सातबारा आढळून येत नाही" हे लिहिता येतं. "साहेबांच्या पाहुण्याचं नाव असल्यानं घेतलं" हे लिहिता येत नाही. जे लिहायला हात थरथरतो ते करायचं नाही.

गंमत म्हणजे ही माझी एकट्याची अक्कल नाही, नियमच तसा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 चे आहेत. त्यात म्हटलंय की वरिष्ठाच्या सांगण्यावरून काम करायचं असेल तर ते शक्य तिथं लेखी घ्यावं, आणि लगेच लेखी मिळणं शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. राजकीय वजन वापरून वरिष्ठांवर दबाव आणायलाही त्याच नियमांत बंदी आहे. पुढं 2013 मध्ये निवृत्त कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं, की अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवावेत. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, कर्तव्य आहे. पण आपल्याकडं लेखी मागणाऱ्याला 'साहेबांवर विश्वास नाही का?' असं विचारतात. त्याला उत्तर एवढंच द्यायचं, "साहेबांवर आहे, पण उद्या साहेबांची बदली होईल आणि कागद माझ्या नावावर राहील."

प्रत्यक्षात हे कसं करायचं? भांडून करायचं नाही. आवाज चढवायचा नाही. संध्याकाळी साहेबांना एक साधा मेसेज किंवा मेल टाकायचा: "साहेब, आज आपण अमुक यादीबाबत तोंडी सूचना दिली. कागदपत्रे पाहता अमुक त्रुटी दिसते. कृपया लेखी आदेश व्हावेत, त्याप्रमाणे कार्यवाही करतो." बस. यात अपमान नाही, आरोप नाही, धमकी नाही. माझ्या ओळखीतल्या अनेक कर्मचाऱ्यांचा अनुभव असा, की लेखी मागितल्यावर दहापैकी बरीचशी चुकीची कामं तिथंच थांबतात. कारण सांगणाऱ्यालाही माहीत असतं की हे कागदावर येऊ शकत नाही. आणि तरी लेखी आदेश आलाच, तर टिपणीत आपलं मत नोंदवून ठेवा. ही टिपणी उद्या माहितीच्या अधिकारात कुणीही मागू शकतो. दहा वर्षांनी चौकशी लागली तर तुमच्या बाजूनं बोलायला ना साहेब येतील, ना पुढारी. तो कागद येईल.

आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका. कुणालाही म्हणजे कुणालाही. तुमचं लॉगिन म्हणजे तुमची सही. कोरा चेक सही करून कुणी टेबलावर ठेवतं का? मग हे कसं ठेवता? ओटीपी फोनवर सांगणाऱ्या साहेबांनाही हेच सांगणं आहे. खालच्याचं काम वाचवायला गेलात आणि उद्या चौकशीत 'मला माहीत नव्हतं' म्हणालात, तर तेच उत्तर तुमच्या विरोधात जाईल.

आता खरा प्रश्न. "भाऊ, पोस्ट लिहायला तुमच्या बापाचं काय जातं? बदली माझी होईल. पोरं शाळेत आहेत, घराचा हप्ता आहे, आई आजारी आहे." हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. प्रामाणिक माणसाच्या बदल्या होतात. तुकाराम मुंढेंसारख्या आयएएस अधिकाऱ्याच्या वीसच्या वर बदल्या झाल्या, तिथं क्लार्कचं काय? रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं आणि पद सोडून गेले, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण प्रत्येकाला रामशास्त्री होता येत नाही आणि ज्या व्यवस्थेला रोज एक रामशास्त्री लागतो ती व्यवस्था मुळातच बिघडलेली आहे. हप्ते फेडणाऱ्या साध्या माणसाला सरळ राहता आलं पाहिजे.

म्हणून काही गोष्टी माहीत असू द्या. राज्याचा बदल्यांचा 2005 चा कायदा सांगतो की एका पदावर साधारण 3 वर्षांचा कालावधी असतो आणि मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. तशी नोंद नसेल तर मॅटमध्ये दाद मागता येते, आणि मॅटचं खंडपीठ आपल्या जवळ, छत्रपती संभाजीनगरलाच आहे. त्याच कायद्यात फाईल एका कर्मचाऱ्याकडं 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असंही आहे. म्हणजे कुणी मुद्दाम अडवत असेल तर तेही दाखवून देता येतं. महिला कर्मचाऱ्यांना त्रास होत असेल तर 2013 च्या कायद्यानं 10 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. लाच मागितली तर लाचलुचपत विभागाचा 1064 आहे.

पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एकटं न पडणं. एकट्यानं लेखी मागितलं तर तो 'शहाणा'. तिघांनी मागितलं तर ती ऑफिसची पद्धत होते. तुमच्या शेजारच्या टेबलावर एखादा पोरगा, एखादी ताई नाही म्हणत असेल, तर तुम्हाला लढायची गरज नाही. फक्त त्यांच्यासोबत चहाला जा. खरं सांगतो, एवढ्यानंही बळ येतं. त्यांना वाळीत टाकण्यात सामील होऊ नका. 'मी पडत नाही' म्हणणाऱ्यांनी किमान एवढं केलं तरी निम्मं राजकारण संपेल.

खासगीतल्या लोकांचं काय? स्टील कारखाना असो, बियाण्यांची कंपनी असो, पतसंस्था असो, दवाखाना असो, तिथं वर्तणूक नियम नाहीत, मॅट नाही. मालक म्हणेल ती पूर्व दिशा. तिथं मी एवढंच सांगेन. कामाची नोंद स्वतःजवळ ठेवा, महत्त्वाचं बोलणं झालं की मेसेजवर पक्कं करून घ्या, खोट्या हजेरीवर, खोट्या वजनावर, खोट्या बिलावर सही करू नका. आणि तिथं फारच घुसमट होत असेल तर रागात राजीनामा फेकू नका. दुसरी सोय बघा आणि मग शांतपणे निघा. पोटाला चिमटा काढून मोठेपणा दाखवायला मी सांगणार नाही. पण दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय घेऊन आणि त्याच्या डोक्यावर आपली चूक टाकून तिथं टिकायचं, हे मात्र कुठल्याही मजबुरीत बसत नाही.

आता जरा आमच्या धंद्याबद्दल. पत्रकारिता करताना वीसेक वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. ऑफिसातल्या राजकारणाचं एक टोक आमच्या टेबलावर येतं. निनावी पाकीट येतं. आत झेरॉक्स, वर चिठ्ठी: "या अधिकाऱ्याचा भ्रष्टाचार छापा." बरेचदा कागद खरा असतो, पण पाठवणाऱ्याचा हेतू वेगळा. त्याला त्या खुर्चीवर बसायचं असतं. कधी कागद अर्धाच असतो, दुसरं पान मुद्दाम काढलेलं. पत्रकारानं न तपासता छापलं की झालं, तो कुणाच्या तरी हातातली काठी झाला. म्हणून मी तीन गोष्टी बघतो. सार्वजनिक पैशाचा किंवा लोकांच्या हक्काचा प्रश्न आहे का? कागद मूळ कार्यालयातून पडताळता येतो का? समोरच्याची बाजू घेतली का? फक्त कुणाच्या घरच्या भानगडी आणि चारित्र्यावर शिंतोडे असतील तर पाकीट कचऱ्यात.

तक्रार करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तक्रार जरूर करा, पण शक्य तिथं स्वतःच्या नावानं करा. जे डोळ्यांनी पाहिलं आणि कागदावर आहे तेवढंच लिहा. 'असे समजते', 'अशी चर्चा आहे' हे शब्द काढून टाका. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याबद्दल लिहिताना दुप्पट सावध राहा, कारण तिथं आपलाच राग आपल्याला फसवतो. नावानं तक्रार करणं जिवावरचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं नाव लपवण्यात कमीपणा नाही. पण निनावी अर्ज म्हणजे हिशेब चुकते करायचं हत्यार झालं की खऱ्या तक्रारीही त्याच ढिगात जातात. आणि सोप्या गोष्टीसाठी आधी त्या माणसाशी समोरासमोर बोला. अर्धे गैरसमज कुणीतरी कान भरल्यानं झालेले असतात.

शेवटचं सांगणं साहेब लोकांना. तुमच्या ऑफिसात कोण खरं बोलतो आणि कोण गोड बोलतो, हे तुम्हाला पहिल्या महिन्यात कळतं. तुम्ही केबिनमध्ये कुणाला बसवता, कुणाचं ऐकून कुणाला मेमो देता, यावरून अख्खं ऑफिस आपलं वागणं ठरवतं. तुम्हाला 'नाही साहेब, हे नियमात बसत नाही' असं सांगणारा एक तरी माणूस तुमच्या हाताखाली असेल, तर त्याला जपा. अडचणीचा माणूस म्हणून त्याला कोपऱ्यात टाकू नका. उद्या तुमची पेन्शन तोच वाचवणार आहे.

अनुदानाच्या घोटाळ्यात नुकसान फक्त सरकारी तिजोरीचं नाही झालं. ज्याचं सोयाबीन, कापूस खरंच पाण्यात गेला, ज्याची मोसंबीची बाग खरंच झडली, तो शेतकरी आता मदत मागायला गेला की त्याच्याकडंही संशयानं बघतात. त्याचे कागद चार वेळा तपासतात. चोरी करणारे वेगळे, झडती याची. यादी बनत असताना एखाद्या टेबलावर कुणीतरी शांतपणे म्हणालं असतं, "साहेब, हे लेखी द्या," तर कदाचित ही वेळ आली नसती.

तुमच्या ऑफिसात असं 'लेखी द्या' म्हणणारं कुणी आहे का? असेल तर आज त्याला फोन करून बरं वाटेल असं दोन शब्द बोला. तुमचे अनुभव खाली लिहा, पण कुणाचं नाव, गाव, टेबल लिहू नका. आपल्याला इथं कुणाला बदनाम करायचं नाही. पोस्ट पटली तर तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाका. कोण लाईक करतं आणि कोण ग्रुप सोडतं, तेही जरा बघा.